नखांच्या बुरशीवरील इट्राकोनॅझोलचा पल्स कोर्स : पूर्ण करून, वाट पाहून लिहिलेले परीक्षण

नखांना बुरशी लागली की त्वचारोगतज्ज्ञ पोटातून घ्यायचे जे औषध ‘महिन्यातून एक आठवडा’ अशा पद्धतीने देतात, त्या पद्धतीला दवाखान्यात पल्स थेरपी म्हणतात. बहुतेक वेळा ते औषध इट्राकोनॅझोल असते: सकाळी २०० मिलिग्रॅम आणि रात्री २०० मिलिग्रॅम असे सात दिवस, त्यानंतर तीन आठवडे काहीही नाही, आणि मग पुन्हा सात दिवस. हाताच्या नखांसाठी असे दोन पल्स सांगितले जातात, पायाच्या नखांसाठी तीन. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख यांसाठी मी हा कोर्स पूर्ण केला, आणि तो संपून वर्ष उलटून गेल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे. कोर्स संपल्या संपल्या दिलेला अभिप्राय, मग तो कौतुकाचा असो वा तक्रारीचा, विश्वासार्ह नसतो, कारण त्या दिवशी बोटावर दिसणारे नख अजून आजारातलेच असते. माझे मत आधीच सांगून टाकते. हाताच्या नखांसाठी हा उपचार उत्तम आहे. पायाच्या अंगठ्यासाठी तो उपयोगी आहे, पण ज्यांना टर्बिनाफिन हे बुरशीवरचे पोटातून घ्यायचे दुसरे औषध चालते त्यांनी त्याला पहिली पसंती देऊ नये. आणि ज्यांचे हृदय दुर्बल आहे किंवा ज्यांना काही ठरावीक गोळ्या कायमच्या चालू आहेत, त्यांनी हा मार्ग धरूच नये.

तीन आठवडे औषध न घेता उपचार चालू राहतो कसा, हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत पडला होता, आणि त्याचे उत्तर समजल्याशिवाय या उपचाराची किंमत कळत नाही. इट्राकोनॅझोल चरबीत विरघळणारे आणि केराटिनला, म्हणजे नख ज्या प्रथिनाचे बनलेले असते त्याला, घट्ट चिकटणारे औषध आहे. ते रक्तातून नखाच्या मुळात तर पोहोचतेच, शिवाय नखाखालच्या मांसल भागातूनही वर झिरपते. त्यामुळे नख वाढून पुढे येण्याची वाट न पाहता काही आठवड्यांतच ते नखाच्या टोकापाशी सापडू लागते. गोळ्या बंद केल्यावर रक्तातले औषध एक-दोन आठवड्यांत निघून जाते, पण नखातले पुढे सहा ते नऊ महिने टिकून राहते. याच दोन गोष्टींतल्या अंतरावर पल्सची सगळी कल्पना उभी आहे. यकृताला आणि बाकीच्या शरीराला अधूनमधून पूर्ण विश्रांती मिळते, नखातला साठा मात्र दर महिन्याला भरत जातो. हे औषध बेल्जियममधील यान्सेन या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९९० च्या दशकात ते नखांसाठी अशा टप्प्याटप्प्याने देण्याचे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. औषधाच्या एकूण मात्रेतही बचत होते. रोज २०० मिलिग्रॅम याप्रमाणे बारा आठवडे सलग घेतले तर २०० मिलिग्रॅमच्या ८४ कॅप्सूल लागतात, तीन पल्समध्ये ४२ पुरतात.

मात्र या उपचारातला सर्वांत मोलाचा भाग कॅप्सूलच्या आधी येतो, तो म्हणजे तपासणी. पिवळे पडलेले, जाड झालेले, टोकाकडून सुटत चाललेले नख दिसले की आपण आणि अनेकदा मेडिकलमधला माणूसही ‘फंगस आहे’ असे ठरवून मोकळे होतो. पण बिघडलेल्या नखांपैकी जवळजवळ निम्म्या नखांतच बुरशी असते. सोरायसिसमध्ये नख असेच जाड होते आणि उचलले जाते, लायकेन प्लेनस या त्वचारोगात ते पातळ होऊन चिरते, आणि घट्ट बुटांत अंगठा वर्षानुवर्षे दाबला गेला तरी नखाचे रूप तसेच होते. या कशावरही बुरशीनाशक औषधाचा काडीचा उपयोग नाही. नखावर काळा किंवा गडद तपकिरी उभा पट्टा उमटला असेल, तर तो कर्करोगाचाही असू शकतो, म्हणून तो बुरशी समजून अंगावर काढू नये.

माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी गोळी लिहून देण्याआधी नखाचा खरवड घेतला, आणि तो कसा घेतला हे सांगण्यासारखे आहे. नखाचे सुटलेले टोक त्यांनी आधी कापून टाकले आणि जिथे चांगले नख व खराब नख यांची सीमा होती, तिथवर आत जाऊन नखाखालचा भुसा काढला. जिवंत बुरशी त्या सीमेजवळ असते. टोकाला असलेली पुष्कळदा मेलेली असते आणि तिच्यावरून अहवाल निगेटिव्ह येतो. तो भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात बुरशीचे तंतू दिसतात. ती कोणत्या जातीची हे कळण्यासाठी कल्चर लावावे, म्हणजे प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवून पाहावी लागते आणि त्याला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे बुरशी नाहीच असेही ठरत नाही, कधीकधी नमुना पुन्हा द्यावा लागतो. माझ्या हाताच्या नखांत कॅन्डिडा निघाली आणि पायाच्या अंगठ्यात ट्रायकोफायटॉन रुब्रम, जी जगभरच नखांच्या बुरशीत सर्वाधिक सापडते. हा अहवाल हातात येईपर्यंत थांबायला लावणारा डॉक्टर रुग्णाला त्या क्षणी आवडत नाही, पण तपासणी न करता महिन्याभराच्या कॅप्सूल लिहून देणाऱ्यापेक्षा तो शतपटीने बरा. ज्या दवाखान्यात खरवड घेण्याची सोय नाही, तिथे हा कोर्स सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅप्सूल घेण्याचा अनुभव तसा सोपा आहे, पण तिच्या काही अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात. ही कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची असते. चहा-बिस्किटे म्हणजे भरले पोट नव्हे. पोळी-भाजी, वरण-भात असे नीट जेवण झाल्याबरोबर ती घ्यावी. पोटात आम्ल असेल तरच हे औषध विरघळते, त्यामुळे ॲसिडिटीच्या गोळ्या या उपचाराच्या सर्वांत मोठ्या शत्रू आहेत. आपल्याकडे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल सकाळी उठल्याबरोबर घेणारी माणसे घरोघरी आहेत आणि ती गोळी ‘औषध’ म्हणून डॉक्टरांना सांगण्याचीही त्यांना गरज वाटत नाही. ती चालू असताना इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल शरीरात फारच कमी शोषली जाते. ज्यांना ती बंद करता येत नाही, त्यांना साखर असलेल्या कोला पेयाबरोबर कॅप्सूल घ्यायला सांगतात, कारण त्या पेयाचा आम्लपणा औषध विरघळवायला पुरतो. मधुमेह असलेल्यांनी अर्थातच हे आपल्या मनाने करू नये. पातळ अँटासिड प्यायची वेळ आली तर ते आणि कॅप्सूल यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

कॅप्सूलच्या दर्जाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण याविषयी रुग्णांशी फारसे कुणी बोलत नाही. इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये त्याची भुकटी नसते. साखरेच्या अगदी बारीक दाण्यांवर औषधाचा थर चढवून ते दाणे आत भरलेले असतात. दाण्यांची संख्या किती, त्यांचा आकार सारखा आहे का, थर एकसारखा बसला आहे का, यावर औषध किती विरघळेल हे अवलंबून असते, आणि बाजारातल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये या बाबतीत फरक आढळतो. छापलेली मात्रा एकच असली तरी आतली करामत एकच असेल असे नाही. म्हणून माझ्या डॉक्टरांनी तिन्ही पल्स एकाच कंपनीच्या कॅप्सूलने पूर्ण करायला सांगितले होते. दुसऱ्या पल्सच्या वेळी एका दुकानदाराने ‘कंटेंट तोच आहे’ म्हणून दुसरीच स्ट्रिप पुढे केली, ती मी घेतली नाही आणि मला हवी ती मागवून घेतली. याशिवाय ‘सुबा’ नावाने ओळखला जाणारा एक नवा प्रकार मिळतो. तो अधिक चांगला शोषला जातो, त्याच्या शोषणावर जेवणाचा आणि पोटातल्या आम्लाचा परिणाम कमी होतो, आणि म्हणून त्याच्या कॅप्सूलवरचा मिलिग्रॅमचा आकडाही लहान असतो. साध्या कॅप्सूलच्या जागी ती किंवा तिच्या जागी साधी, अशी अदलाबदल दुकानात उभ्या उभ्या कधीही करू नये. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

मला झालेला त्रास किरकोळ होता. औषधाच्या आठवड्यात मळमळ व्हायची आणि पोट थोडे जड वाटायचे, एवढेच. पण किरकोळ त्रास झाला म्हणून औषध किरकोळ ठरत नाही. इट्राकोनॅझोल हृदयाची आकुंचनशक्ती कमी करू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २००१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि ज्यांचे हृदय आधीच कमकुवत आहे किंवा ज्यांना हार्ट फेल्युअर होऊन गेले आहे, त्यांना नखांच्या बुरशीसाठी हे औषध देऊ नये अशी ठळक चौकटीतली सूचना तेव्हापासून त्याच्या माहितीपत्रकावर असते. त्याच इशाऱ्यात यकृताच्या दुर्मीळ पण गंभीर इजेचाही उल्लेख होता. यकृताची रक्ततपासणी माझी कोर्सच्या आधी झाली आणि कोर्सच्या मध्येही झाली. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक मरणे, दम लागणे, पायांवर सूज येणे किंवा हातापायांना मुंग्या येणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता औषध थांबवून कळवायचे, हे मला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले होते. गरोदर स्त्रियांना हे औषध देत नाहीत, आणि मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनी कोर्स संपल्यानंतरही दोन महिने गर्भनिरोधनाची काळजी घ्यायची असते.

दुसरा धोका इतर गोळ्यांचा. यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) कितीतरी औषधे शरीरातून बाहेर टाकली जातात, तेच विकर इट्राकोनॅझोल अडवते. मग ती औषधे रक्तात साचत जातात. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन घेणाऱ्याला हे औषध देता येत नाही, कारण स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येण्याची भीती असते. अॅटोर्व्हास्टॅटिनच्या बाबतीतही डॉक्टर सावध असतात. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनचा परिणाम वाढून पायांवर सूज येऊ शकते. हृदयासाठीचे डिगॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरीन आणि झोपेच्या काही गोळ्या यांचाही या यादीत समावेश होतो. माझ्या भावोजींच्या दोन्ही अंगठ्यांची नखे माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होती, पण त्यांच्या हृदयाची पंपिंगची क्षमता कमी झालेली असल्याने त्याच डॉक्टरांनी त्यांना हा कोर्स ठामपणे नाकारला. त्यांना अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचा ५ टक्के लेप आठवड्यातून एकदा लावायला दिला आहे आणि नख नियमितपणे कानसून पातळ ठेवायला सांगितले आहे. त्याने त्यांचे नख पूर्ण स्वच्छ होईल असे आश्वासन कुणी दिलेले नाही, तरीही हा निर्णय मला या सगळ्या अनुभवातला सर्वांत जबाबदार निर्णय वाटतो. नखाचा आजार जिवावर बेतणारा नसतो. त्याचा उपचार तसा ठरता कामा नये.

आता आकड्यांकडे वळू. पायाच्या नखांच्या बाबतीत पल्स थेरपीची सर्वांत महत्त्वाची परीक्षा युरोपातल्या सहा देशांत झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. एका बाजूला टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, सलग बारा किंवा सोळा आठवडे. दुसऱ्या बाजूला इट्राकोनॅझोलचे तीन किंवा चार पल्स. ७२ आठवड्यांनी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर या दोन्ही तपासण्यांत बुरशी न सापडलेले रुग्ण टर्बिनाफिनच्या गटांत ७५.७ आणि ८०.८ टक्के होते, इट्राकोनॅझोलच्या गटांत ३८.३ आणि ४९.१ टक्के. यातल्या आइसलँडमधील रुग्णांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा दुसऱ्यांदा औषध न घेता बुरशीमुक्त राहिलेले टर्बिनाफिनच्या बाजूला ४६ टक्के निघाले आणि इट्राकोनॅझोलच्या बाजूला केवळ १३ टक्के. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही कल टर्बिनाफिनकडेच आहे, आणि दुष्परिणामांचे प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखे आढळले आहे. हे आकडे मी कोर्स सुरू करण्यापूर्वी वाचले होते आणि डॉक्टरांपुढे ठेवलेही होते. ज्या पेशंटला फक्त पायाच्या नखाची आणि ट्रायकोफायटॉनचीच बुरशी आहे, ज्याचे यकृत ठीक आहे आणि ज्याला टर्बिनाफिन घेण्यात दुसरी अडचण नाही, त्याला ‘महिन्यातून एकच आठवडा’ या सोयीवर भुलवून इट्राकोनॅझोलचा पल्स देणे मला योग्य वाटत नाही. सोय खरी आहे, पण ती यशाच्या जवळजवळ निम्म्या शक्यतेच्या बदल्यात मिळते. टर्बिनाफिनही अधूनमधून, म्हणजे महिन्यातून एक आठवडा रोज ५०० मिलिग्रॅम अशा रीतीने देतात, परंतु सलग बारा आठवडे हाच त्याचा कसोटीला उतरलेला मार्ग आहे. जिभेची चव काही काळ जाणे हा त्याचा विशेष त्रास. तो बहुतेकांना होत नाही, पण होतो तेव्हा जेवणातला आनंदच जातो.

मग मला पल्स का दिला, याचे कारण माझ्या अहवालात होते. कॅन्डिडावर टर्बिनाफिनचा भरवसा धरता येत नाही. इट्राकोनॅझोल कॅन्डिडावर आणि ट्रायकोफायटॉनवर असे दोहोंवर चालते. हात आणि पाय यांत दोन निरनिराळ्या बुरशी असताना एकाच औषधाने दोन्हींवर उपचार करता येणे हा मोठा फायदा होता. हाताच्या नखांवरील या पल्सचा पुरावाही बऱ्यापैकी चांगला आहे: अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकानुसार दोन पल्सनंतर ६१ टक्के रुग्णांची तपासणी बुरशीमुक्त आली, तर ४७ टक्क्यांची बाधित नखेही स्वच्छ झाली. गंमत नव्हे तर लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्या देशात पल्सला मान्यता आहे ती हाताच्या नखांपुरतीच. पायाच्या नखांसाठी तिथे हेच औषध सलग बारा आठवडे घेण्याची मान्यता आहे, आणि त्या सलग कोर्सनेही बुरशी गेलेले ५४ टक्के आणि बुरशी जाऊन नखही पूर्ण स्वच्छ झालेले अवघे १४ टक्के असल्याचे माहितीपत्रक सांगते. बुरशी जाणे आणि नख सुंदर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत त्या नेहमी एकच म्हणून दाखवल्या जातात, त्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा आणि गजकर्ण यांचे हट्टी प्रकार देशभर पसरले आहेत, त्यांपैकी अनेकांवर टर्बिनाफिन पूर्वीसारखे लागू पडत नाही, आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकली गेल्याने परिस्थिती अधिक चिघळली आहे. त्यामुळे अनेक डॉक्टरांचा हात आपोआप इट्राकोनॅझोलकडे जातो. त्वचेच्या बाबतीत त्यामागे कारण आहे. पण त्वचेवरचा हट्टी नायटा वेगळा आणि नखातली ट्रायकोफायटॉन रुब्रम वेगळी, म्हणून नखाचा निर्णय नखाच्या अहवालावरूनच व्हावा. हे औषधही गरज नसताना वापरून वापरून बोथट करून टाकले, तर उद्या ज्याला खरोखर दुसरा पर्याय नाही त्याने काय करायचे?

निकालाबद्दल. हाताची दोन्ही नखे साधारण सहा महिन्यांत मुळापासून टोकापर्यंत नवी आली, आणि ती आजही स्वच्छ आहेत. नखाच्या कडेची कातडी सुजून लाल होण्याचा, ज्याला आपण नखुरडे म्हणतो तो त्रासही थांबला. पायाच्या अंगठ्याची गोष्ट सावकाशीची आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्यानेही क्वचितच वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागते. माझ्या डॉक्टरांनी यासाठी एक साधी युक्ती केली होती, जी प्रत्येक दवाखान्याने करावी असे मला वाटते. उपचार सुरू करताना चांगल्या आणि खराब नखाच्या सीमेवर त्यांनी ब्लेडने एक बारीक आडवी खूण कोरली. नख वाढत जाते तशी खूण पुढे सरकते. खुणेच्या मागचे नख स्वच्छ राहिले तर औषध काम करते आहे, आणि पिवळेपणा खूण ओलांडून मागे आला तर ते हरते आहे. त्यामुळे महिनोन्महिने नुसते अंदाज बांधत बसावे लागले नाही. माझ्या अंगठ्यावर मधला सगळा भाग स्वच्छ आला. बाहेरच्या कडेला मात्र एक अरुंद पिवळी रेघ खुणेच्या मागेही टिकून राहिली. कडेच्या अशा रेघेत बुरशीचा घट्ट गोळा साठलेला असतो, तिथे नख नखाखालच्या मांसापासून सुटलेले असल्याने खालून झिरपणारे औषध पोहोचत नाही, आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड झालेल्या नखांप्रमाणेच अशा नखांतही पोटातली औषधे कमी पडतात. हे मला कोर्सच्या आधीच सांगायला हवे होते, आणि ते सांगितले गेले होते, म्हणून माझी या बाबतीत तक्रार नाही.

खर्चाचे म्हणाल तर औषधाइतकाच, कदाचित अधिक, खर्च तपासण्यांचा आणि भेटींचा होतो; आणि कॅप्सूलच्या किमतीत कंपनीनुसार मोठी तफावत असल्याने डॉक्टरांना ‘यातली चांगली आणि परवडणारी कोणती’ असे सरळ विचारावे. केवळ स्वस्त म्हणून निवडू नये आणि केवळ महाग म्हणून चांगली समजू नये. रक्ततपासणीवर मात्र काटकसर करू नये.

औषध संपल्यावर बुरशी परत येण्याची शक्यता मोठी असते, आणि ती बहुधा घरातूनच येते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने पायाची बोटे ओलीच राहतात; बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या आपण दरवर्षीच्याच म्हणून सोडून देतो. भातलावणीत दिवसभर पाण्यात उभे राहणारे, मासळीचे काम करणारे, पोलीस किंवा सुरक्षारक्षक म्हणून बारा बारा तास बुटांत राहणारे, या सगळ्यांच्या चिखल्या वेळीच बऱ्या केल्या नाहीत तर तीच बुरशी हळूहळू नखात शिरते. माझ्या घरात आणखी एकाच्या बोटांत चिखल्या होत्या. त्यांच्यावर त्याच वेळी मलम सुरू केले. प्रत्येकाचे नेलकटर वेगळे केले, जुन्या बंद चपला टाकून दिल्या, बुटांत बुरशीनाशक पावडर घालायला सुरुवात केली आणि भांडी घासताना रबरी हातमोजे, आत सुती हातमोजे घालून, वापरायला लागले. हाताच्या नखांची कॅन्डिडा परत न येण्याचे श्रेय मी कॅप्सूलइतकेच या हातमोज्यांना देते. मधुमेही माणसांना तर हे सगळे दुप्पट लागू आहे, कारण जाड नखाच्या दाबाने झालेली बारीकशी जखमही त्यांच्या पायाला महागात पडू शकते.

अंगठ्याच्या त्या रेघेवर सध्या ४० टक्के युरियाचे मलम लावून नखाची ती कड मऊ करणे आणि दर भेटीला ती कापून घेणे चालू आहे, वरून आठवड्यातून एकदा लावायचा लेपही आहे. कड उघडी झाल्यावर तिथला खरवड पुन्हा तपासायला जाईल. त्यात जिवंत बुरशी निघाली तर आणखी एक पल्स घ्यायचा की या वेळी टर्बिनाफिनचे बारा आठवडे पत्करायचे, हे त्या अहवालावर आणि यकृताच्या नव्या तपासणीवर ठरेल. अहवालात पुन्हा एकटी ट्रायकोफायटॉनच आली, तर मी टर्बिनाफिन मागणार आहे.